डोरनची सातवी अटक

पौड,
१७ नोव्हेंबर २०२५

चि. शंभूस,
अ. उ. आ.

पहिल्या अटकेत मार्टिन डोरनबरोबर पकडला गेलेला दुसरा मुलगा पुढे कुठे गेला? कॉलेजच्या सरांनी मला हा प्रश्न विचारला तेव्हापासून मी जुने कागद धुंडाळते आहे. उत्तर अजून सापडलेलं नाही. पत्राची सुरुवात खुशालीने करतात हे मला माहीत आहे, पण तू जेलमध्ये असताना खुशाली काय विचारू?

डोरन कोण ते सांगते. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका बंदराच्या शहरात चोरट्या दारूवर राज्य करणारा टोळीवाला. मोठा झाल्यावर त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. कायद्याच्या शेवटच्या वर्षाचा माझा प्रकल्प मात्र त्याच्या आधीच्या काळावर आहे. पंचविशीच्या आत पोलिसांनी त्याला सहा वेळा पकडलं, त्या सहा अटकांवर. पहिली सतराव्या वर्षी. धोब्याच्या दुकानाची काच फोडून लोकांचे कोट पळवताना दोन पोरं सापडली. डोरन संध्याकाळपर्यंत घरी. लिओ नावाचा दुसरा पोरगा आत गेला आणि त्यानंतर त्याचं नाव कुठल्याच कागदावर येत नाही.

आता घरचं. मी हॉस्टेलवरून आले तोवर तू गेला होतास. आईने सगळं सांगितलं, आणि सांगताना तिचा चेहरा लग्न पार पडल्यासारखा होता. भूगावला जयवंतमामाच्या प्लॉटिंगच्या मधोमध गेणबा नावाच्या म्हाताऱ्याची जमिनीची पट्टी आहे, ती तो सोडत नव्हता. मामाच्या निरंजनने लोखंडी पाइपाने त्याचे पाय फोडले. मग कुणाला तरी हजर करायला हवं होतं. मामा घरी येऊन आईला म्हणाला की निरंजनचं लग्न जमवायचं चाललंय, त्याचं नाव खराब होऊन चालणार नाही. भाचा पंधरा दिवस आत बसेल आणि मानाने बाहेर येईल. आईला सख्खा भाऊ नाही. तीन वर्षं हा भाऊबीजेला साडी घेऊन येतो आणि ती त्याला ओवाळते. ज्याला ओवाळलं त्याला नाही कसं म्हणायचं, असं ती मलाच विचारत होती. तिने मटण केलं, मामाने आणलेला पांढरा शर्ट तू घातलास आणि त्याच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून ठाण्यात गेलास.

त्या संध्याकाळी तू ताम्हिणीत रत्नाआत्याच्या ढाब्यावर पत्रे ठोकत होतास. हे आईला माहीत आहे. मामालाही.

माझ्या पदवीचं प्रमाणपत्र मामाने फ्रेम करून दिलं होतं ना? घरातली पहिली पदवीधर म्हणून केवढं कौतुक! आल्या आल्या ते भिंतीवरून उतरवलं. वर्गात मी न्यायावर भाषणं करते, पण तुला खरं सांगते, मला सध्या न्याय सुचत नाही. मला निरंजन त्याच गाडीत बसलेला बघायचाय, मागच्या सीटवर.

माझे आशीर्वाद कमी पडले तर कळव. इथे सध्या रागच जास्त शिल्लक आहे.

तुझी,
ताई

•

२५ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मी मजेत हाय, तू उगं पेटू नकोस. पंधरा दिवसाचं महिनाभर होईल, जास्त काय न्हाई. हितं मामाचा एक माणूस हाय, प्रदीप. त्यो मला भाचेसाहेब म्हणतो, आंघोळीच्या रांगेत पुढं घालतो. गावात दहा वर्षं टेम्पो चालवून जी इज्जत मिळाली नसती ती हितं आठवड्यात मिळाली.

आता मजा ऐक. आमच्या बराकीत एक म्हातारा हाय, आधी शाळेत शिपाई हुता, समदे त्याला मास्तरच म्हणत्यात. ज्यांना वाचता येत न्हाई त्यांची पत्रं त्यो मोठ्यानं वाचून दाखवतो. मी पण सवयीनं तुझं पयलं पान त्याच्याकडं दिलं. फक्त डोरनचं, घरचं न्हाई. तर काय सांगू, समदी बराक भोवती गोळा. लिओचं काय झालं यावरनं दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणती त्यो आत मेला. दुसरी म्हणती सुटला आन गाव सोडून बेकरीत कामाला लागला. एकानं तर पैज लावली बिड्यांची. आता रोज इचारत्यात की वकिलीणबाईंचं पत्र कधी येतंय, डोरनभाऊला दुसऱ्यांदा कशात घेतला. तवा डोरनचं येगळ्या पानावर लिवत जा.

आईला सांग माझी काळजी करू नको. गेणबाचे पाय कसे हायेत ते मात्र कळव. झोपताना तेवढंच मनात येतं.

माया पातळ करू नकोस.

तुझा,
शंभू

•

पौड,
११ डिसेंबर

चि. शंभूस,
अ. उ. आ.

तुमच्या बराकीच्या आग्रहावरून डोरन वेगळ्या पानावर. मास्तरांना माझा नमस्कार सांग.

दुसरी अटक चोरीच्या मोटारीची, साक्षीदार आलाच नाही. तिसरी दारूच्या गुत्त्यातल्या मारामारीची. एका खलाशाचा डोळा गेला. डोरनला पकडलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या बहिणीचा नवरा ठाण्यात आला, मारणारा मीच म्हणाला. भोळा सुतार होता. चौथ्यांदा पिस्तूल सापडलं, ते कोटात कुणी ठेवलं हे डोरनला माहीत नव्हतं म्हणे! प्रत्येक अटकेचा फोटो आहे. पहिल्यात फाटकी टोपी, तिसऱ्यात टाय, पाचव्यात लोकरीचा ओव्हरकोट. चेहरा तोच, कपडे सुधारत जातात. सर म्हणतात, हा त्याच्या अटकांचा कागद नाही, त्याच्यासाठी कोण कोण आत बसलं त्याचा आहे.

कागद संपला, म्हणून उरलेलं याच पानाच्या पाठीमागे लिहिते.

गेणबा गेला. पायाचं विष अंगात भिनलं. तुझ्यावर आता खुनाचं कलम लागलंय. हे मला तुला समोर बसवून सांगायचं होतं, पण भेटीची पाळी अजून आलेली नाही. पंधरा दिवस विसर.

दहाव्याला मामा गेला होता. सगुणाबाईच्या, म्हणजे गेणबाच्या बायकोच्या, शेजारी उभा राहून रडला. खरं पाणी होतं डोळ्यांत. पिंडाला कावळा शिवेना तेव्हा हात जोडून म्हणाला की बाबा, तुझ्या मारेकऱ्याला फासावर चढवल्याशिवाय राहणार नाही. मी लांब घाटाच्या कडेला उभी राहून हे कानांनी ऐकलं. त्या क्षणी नदीतला एखादा धोंडा उचलायची मला इच्छा झाली होती. त्याच आठवड्यात पौडच्या स्टँडवर निरंजनचा वाढदिवसाचा फ्लेक्स लागला. युवा नेतृत्व. ते सध्या गोव्याला आहे.

रत्नाआत्याकडे गेले होते. ती आपल्या पद्धतीने म्हणाली की तुझ्या आयशीला अक्कल असती तर तिनं त्याला ओवाळायच्या जागी पोळलं असतं. तिला आठवलं की त्या संध्याकाळी पुण्याच्या बायकांची सहलीची गाडी ढाब्यासमोर पंक्चर झाली होती, तू चाक बदलून दिलंस आणि त्यांनी तुझ्याबरोबर फोटो काढला. त्यातल्या एकीने आत्याकडून मसाला मागवला होता, म्हणून नंबर होता. मी गाठलं तिला. फोटो आहे, शंभू! तुझ्या हातात पाना, मागे आत्याचा ढाबा, आणि वेळ तीच. आता मामाला मी सोडत नाही.

तुझ्यासाठी जीव तुटतो तो तुटू दे, त्याचा उपयोग करते आहे.

तुझी,
ताई

•

२० डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ताई तू शिकलीस पण शाणी झाली न्हाईस. डोरनच्या पानामागं फोटोचं कशापायी लिवलंस? आन मी पण तुझाच भाऊ, पान न उलटता मास्तरला दिलं. मास्तर वाचत गेला, मागची बाजू पण. गेणबा मेला हे मला पन्नास माणसांसंगं कळलं. मास्तरनं चार ओळी वाचून जीभ चावली, पण प्रदीप म्हणाला वाच की, भाचेसाहेबांच्या घरचंच हाय.

तवापासनं मला कोण भाचेसाहेब म्हणत न्हाई. प्रदीपनं माझी जागा संडासाजवळ टाकली. परवा जवळ बसून लई गोडीनं म्हणाला की ताम्हिणीच्या घाटात ढाबे पेटायला येळ लागत न्हाई, आन हितं माणूस पाय घसरून पडला तर कोण इचारत न्हाई. असं म्हणताना माझ्या केसातनं हात फिरवत हुता.

 गेणबाला मी उभ्या जन्मात बघितला न्हाई, आन आता त्यो माझ्या नावावर. पण ताई, तू गप बस. तुझ्या पाया पडतो. मामा म्हणतोय वकील चांगला दिलाय, चार-पाच वर्षांत बाहेर काढतो. चार वर्षं जगलो तर बाहेर येईन. तू काय केलंस तर चार दिवस पण न्हाई.

फोटो पुसून टाक.

तुझा,
शंभू

•

पौड,
२८ डिसेंबर

चि. क्षितिजास आईचा आशीर्वाद.

फोनवर तू मला बोलू देत न्हाईस आन मला रडू येतं, म्हणून लिवते. चौथीपतूर शिकले हाय, चुकलं तर समजून घे.

जयवंतदादा आला हुता. ओरडला न्हाई. चहा घेतला आन म्हणाला, बहिणी, तुझी पोरगी माझ्या पोराच्या मुळावर आली. मी काय बोलू? त्यानं मला भाऊबीज दिली तवा भावकीत मी मान वर करून चालले. तुझा बाप गेल्यावर कोण आलं हुतं दारात? ती ताम्हिणीची आली हुती का? शंभूला आत धाडताना मला बी कळ आली, पण भावासाठी बहीण एवढं करती. मला काय म्हाईत म्हातारा मरंल.

माघात निरंजनचा साखरपुडा हाय, भूगावच्या कार्यालयात. दादा म्हणतो तू गप ऱ्हायलीस तरच पोराला गोव्याहून आणतो, न्हाई तर पोरीकडचे मोडतील. मग शंभूकडं त्यो बघायचा न्हाई. तू वकील होशील, पण माझा पोरगा गेला तर मी काय तुझी पदवी मांडीवर घेऊ?

जेवत जा. तुळशीपाशी तुझ्या नावानं दिवा लावते.

आई

•

पुणे,
१० जानेवारी २०२६

चि. शंभूस,
अ. उ. आ.

डोरनचं आधी. सातवी अटक ही खरं तर अटक नाहीच. सहावीनंतर एका विधवेने त्याच्याविरुद्ध तोंड उघडायचं ठरवलं. डोरन दूरच्या भावाच्या शेतावर लपला. पोलीस घराभोवती होते. पण विधवेला कुणीतरी समजावलं, ती गप झाली, आणि डोरन भरदिवसा आगगाडीने शहरात परत आला. स्टेशनावर बँड होता. त्याच आठवड्यात त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं, त्यात तो पहाटेपर्यंत नाचला. दारात पोलीस उभे होते, त्यांना त्याने केक पाठवला. पुढे आयुष्यभर त्याला कुणी पकडलं नाही. मास्तर, तुमच्या बराकीत पैजा लागल्या असतील तर डोरनवर लावणारे जिंकले.

पाठीमागे लिहिते. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही.

तू म्हणतोस ते खरं आहे. शिकून मी शहाणी झाले नाही. त्या फोटोवाल्या बाईंना कोर्टाच्या भानगडीत पडायचं नाही, त्यांनी फोटो पुसून टाकलाय. रत्नाआत्याला ढाब्याची भीती आहे. मी एकटी काय करणार? आईचं पत्र वाचून रात्रभर रडले. मामाला फोन करून माफी मागितली. तो मोठ्या मनाने म्हणाला की पोर आहेस, साखरपुड्याला ये. मी हो म्हटलंय.

तू जप. माझा लोभ तुझ्या कामाचा नाही, तरी असू दे जवळ.

तुझी,
ताई

•

पौड,
३ फेब्रुवारी २०२६

चि. शंभूस,
अ. उ. आ.

तुला गेल्या आठवड्यात दुसऱ्या बराकीत का हलवलं हे तुला कुणी सांगितलं नसेल. मी ज्यांच्या हाताखाली शिकते त्या वकील मॅडमनी कोर्टात अर्ज केला होता. प्रदीप आता तुझ्यापर्यंत पोचणार नाही. हे पत्र तिथे कुणालाही मोठ्याने वाचू दे, दोन्ही बाजूंनी.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. डोरनच्या आयुष्यात असा सातवा प्रसंग नाहीच. शेत, बँड, केक, नाच, सगळं मी रचलं. सहा अटकांनंतर कागद संपतो. मला निरंजन गोव्याहून परत यायला हवा होता आणि त्यासाठी मामाला निर्धास्त करायचं होतं. तुझ्या बराकीत वाचलेलं पान मामाच्या कानी जातं हे तूच मला शिकवलंस. आईलाही मी तेच खोटं सांगितलं. तिने ते खरं मानून मामाला कळवलं. तुला तीन आठवडे मी हरले असं वाटत राहिलं असेल. त्यावर माझ्याकडे सबब नाही.

फोटो पुसला गेला नव्हता. ते पत्र टाकायच्या आदल्या दिवशी मी सगुणाबाईकडे गेले होते. शंभूची बहीण म्हटल्यावर तिने उंबऱ्यावरही चढू दिलं नाही, अंगणात उभं केलं आणि माझ्या सात पिढ्या काढल्या. मी ऐकून घेतलं. मग तिला फोटो दाखवला. तिने बराच वेळ बघितला आणि म्हणाली की मला ठाऊक हाय, मरताना म्हातारा जयवंताच्या पोराचंच नाव घेत हुता. मी विचारलं, मग गप का? ती म्हणाली, जयवंता दहाव्याला माझ्याजवळ उभा ऱ्हायला त्यो कशाला, रडायला? माझ्या दंडाला धरून हुता, धा दिवस वळ हुता. तुझा भाऊ आत गेला तवा वाटलं, कुणीतरी गेलं, तेवढंच बरं. नंतर तिने मला चहा दिला. आम्ही दोघी पुण्य वगैरे काही बोललो नाही. तिला काय हवं होतं आणि मला काय हवं होतं ते एकच होतं.

सगुणाबाई, रत्नाआत्या आणि फोटोवाल्या बाई, तिघींचे जबाब पुण्याला पोलिसांच्या मोठ्या साहेबांकडे झाले. आत्या म्हणाली की ढाबा पेटवायला आलेच तर आधी त्यांना पिठलं वाढीन, उपाशी माणसाला काय मारायचं.

परवा रविवारी साखरपुडा झाला. मी हिरवी साडी नेसून गेले होते. आई पुढच्या रांगेत होती, मामाने तिला बहीण म्हणून मान दिला होता. अंगठीचं ताट पुढे आलं आणि त्याच वेळी साहेबांचे लोक आत आले. वर्दीत नव्हते, म्हणून मामाला आधी पाहुणेच वाटले. त्याने त्यांना जेवून जायचा आग्रह केला. निरंजनचा हात धरल्यावर त्याला कळलं. त्याने पहिल्यांदा निरंजनकडे नाही, माझ्याकडे बघितलं. मी नमस्कार केला. निरंजन गाडीत मागच्या सीटवर बसला. दार लागेपर्यंत मी बघत उभी होते. मला आनंद झाला, शंभू. वाटलं होतं तेवढाच झाला, कणभरही कमी नाही.

मग मामा आईपुढे येऊन ओरडला. म्हणाला की ओवाळणारीनंच गळा कापला. सगळं कार्यालय ऐकत होतं. आई त्याच्या पाया पडत होती आणि मला काही माहीत नव्हतं, मला काही माहीत नव्हतं, एवढंच म्हणत होती.

यापुढचं तुला माझ्याकडूनच कळायला हवं. काल माझा जबाब होता. साहेब भले आहेत. ते म्हणाले की मामा आला आणि भावाला घेऊन गेला एवढं पुरे, घरच्यांचं कशाला. तू अजाण, आई अडाणी, असं लिहिता आलं असतं. तू काही महिन्यांत सुटला असतास आणि आईला कुणी विचारलंही नसतं.

आदल्या रात्री मी जबाब कागदावर उतरवला होता. शर्ट कुणी आणला, जेवण कुणी केलं, तू ताम्हिणीत होतास हे कुणाकुणाला माहीत होतं. तू स्वतःच्या पायांनी, सगळं जाणून, खोटी कबुली द्यायला गेलास हेही. त्याबद्दल तुझ्यावर वेगळा खटला होईल, आईलाही बोलावतील. सगुणाबाईने नवरा गमावला आणि तिला दोन महिने खरं नाव गिळून चुकीच्या माणसाला शिव्या द्यायला लावलं. त्यात तुम्ही दोघंही होता. मामावर मी सूड घेतला, तो मला पुरला. हे सुडाने लिहिलेलं नाही, आणि म्हणूनच ते लिहिताना मी चार कागद फाडले.

काल सकाळी आई भाकरी थापत होती. तिच्यासमोर बसून मी तिला सगळा जबाब वाचून दाखवला. तिचं नाव आलं तिथे तिने तवा उतरवला.  सगळं ऐकून घेतल्यावर तिने फक्त विचारलं की हे तसंच देणार का.

मी दिला. सही करून दिला.

तुझी माया राहील की नाही ते तू ठरव. माझी मी तुझ्याकडे ठेवून दिली आहे.

तुझी,
ताई